तार पडली की थांबायचे: आमच्या गावच्या बचाव पथकाचे विद्युत सुरक्षा प्रशिक्षण

दापोली तालुक्याच्या किनारपट्टीवरील आमच्या गावात ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तरुणांचे एक बचाव पथक उभे राहिले. रस्त्यावर आडवी झालेली झाडे तोडणे, पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणे, रुग्णाला पाखाडीवरून (वाडीतल्या पायऱ्यांच्या वाटेवरून) डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणणे अशी कामे हे पथक करते. पथकाचे कागदपत्र, हजेरी आणि हिशेब मी सांभाळते. पडलेल्या वीजतारा, कोसळलेले खांब आणि पेटलेल्या डीपी (वीज रोहित्रे) अशा ठिकाणी मदतीला जाणाऱ्यांनी स्वतःचा जीव कसा सांभाळावा, याचे प्रशिक्षण आम्ही २०२५ च्या एप्रिल महिन्यात पूर्ण केले. अर्ज कोणाकडे करायचा, सोबत काय जोडायचे, शिकवायला कोण येते आणि खर्च किती येतो याची माहिती आम्हाला एका जागी मिळाली नव्हती. किनाऱ्यावरील इतर गावांना ती मिळावी, म्हणून सर्व घडामोडी क्रमाने लिहीत आहे.

या प्रशिक्षणाची गरज का वाटली, हे आधी सांगायला हवे. निसर्ग वादळात आमच्याकडचे बहुतेक खांब आडवे झाले आणि महिन्याहून अधिक काळ गावात वीज नव्हती. त्या दिवसांत लोकांनी तारा हाताने ओढून बाजूला केल्या, गुंडाळून गडग्यावर ठेवल्या आणि क्वचित कपडे वाळत घालायलाही वापरल्या. संपूर्ण फीडरच (उपकेंद्रातून गावांकडे येणारी वाहिनी) बंद असल्यामुळे कोणाला काही झाले नाही. परंतु पडलेली तार म्हणजे बंद तार, ही समजूत मात्र घराघरांत पक्की होऊन बसली. पुढे १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हाही हेच दृश्य दिसले. २०२४ च्या पावसाळ्यात मात्र सड्यावर (गावावरच्या कातळाच्या पठारावर) एक तार तुटून पडली आणि चरायला सोडलेली म्हैस जागीच मेली. म्हैस उचलण्यासाठी पथकाला बोलावणे आले. मुले पोहोचली, पण तारेत वीजपुरवठा आहे की नाही हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. जमलेली माणसे घाई करत होती आणि मुले लांब उभी होती. त्या दिवशी पुढे कोणी गेले नाही हे भाग्य; परंतु थांबायचे का आणि किती अंतरावर, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते.

पथकातील काही जणांनी आपदा मित्र योजनेतील बारा दिवसांचे प्रशिक्षण घेतले होते. दोरकाम, पूरबचाव आणि प्रथमोपचार त्यांना चांगले येत होते. विजेच्या अपघातासाठी मात्र वेगळी तयारी हवी, कारण येथे धोका डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही.

२६ जानेवारी २०२५ च्या ग्रामसभेत आम्ही ठराव मांडला. सूचक, अनुमोदक आणि ठराव क्रमांक यांसह सही-शिक्क्याची नक्कल ग्रामसेवकांकडून त्याच आठवड्यात घेतली. पुढे प्रत्येक टेबलावर पहिली विचारणा तिचीच झाली, म्हणून तिच्या चार-पाच प्रती हाताशी ठेवाव्यात. अर्ज महावितरणच्या उपविभागाच्या उपकार्यकारी अभियंत्यांच्या नावे केला आणि प्रती तहसीलदारांना व जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला दिल्या. सोबत सदस्यांची यादी, वय, रक्तगट, मोबाइल क्रमांक, आधारची छायाप्रत आणि ‘पथकाचा कोणताही सदस्य वीजयंत्रणेला हात लावणार नाही’ असे सरपंचांच्या सहीचे हमीपत्र जोडले. हे हमीपत्र कोणी मागितले नव्हते. गावातील मुले प्रशिक्षण मिळाले म्हणून उद्या खांबावर चढतील, ही भीती अधिकाऱ्यांच्या मनात असणे स्वाभाविक आहे आणि ती आधीच दूर करावी, असे आम्हाला वाटले. पुढे त्याचा फार उपयोग झाला.

तरीही एका कार्यालयात आमचा अर्ज जवळपास महिनाभर पडून राहिला. विषयात आम्ही ‘प्रशिक्षण मिळणेबाबत’ असे लिहिले होते, आणि प्रशिक्षण ही कर्मचाऱ्यांसाठीची बाब असल्यामुळे बाहेरच्या व्यक्तींच्या अर्जावर काय शेरा मारावा, हे तेथे कोणी ठरवत नव्हते. एका जुन्या लिपिकाने समजावून सांगितल्यावर आम्ही ‘विद्युत अपघातप्रसंगी समन्वय व सुरक्षाविषयक मार्गदर्शन मिळणेबाबत’ असा नवा अर्ज दिला आणि तो आठवड्याभरात पुढे सरकला. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. ही पोच नसेल तर पुढच्या वेळी बोलणी पहिल्यापासून सुरू होतात.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात शाखा कार्यालयाचे सहाय्यक अभियंता स्वतः गावात आले. त्यांनी वर्गाची तारीख देण्याआधी एक अट घातली: आधी गावातील वीजवाहिन्यांची नोंदवही तयार करा. त्यांचे म्हणणे असे होते की अपघाताच्या वेळी फोनवर ‘देवळाजवळ तार पडली’ एवढेच सांगितले जाते आणि एका गावात देवळे पाच असतात. म्हणून आम्ही त्यांच्या माणसांबरोबर वाडीवाडीतून फिरलो. आमच्या भागातील वीज कोणत्या ३३/११ केव्ही (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) उपकेंद्रातून येते, ११ केव्हीचा फीडर कोणत्या नावाने ओळखला जातो, प्रत्येक डीपीचे नाव व क्रमांक काय, तिच्यावर कोणत्या वाड्या आहेत, एबी स्विच (वाहिनी खांबावरून तोडण्याचा स्विच) कोणत्या खांबावर आहे, कोणाकडे जनरेटर, इन्व्हर्टर किंवा छतावरची सौरयंत्रणा आहे, हे सर्व वहीत आले. पंधरा वर्षे ज्या खांबांखालून गेले, त्यांच्यावर क्रमांक असतात हे मी त्या फेरीत पहिल्यांदा नीट पाहिले.

खालच्या वाडीतील डीपीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. १०० केव्हीएची पाटी गंजून निम्मी पुसली होती. खांबावरून जमिनीत उतरणारी अर्थिंगची पट्टी तळाशी पापुद्रे सुटून करंगळीएवढी उरली होती. वरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवर राखाडी-पांढरा थर दिसत होता. जनमित्रांनी (महावितरणच्या तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी) सांगितले की हे खाऱ्या वाऱ्याबरोबर येऊन बसलेले मीठ आहे. जोराच्या पावसात ते धुऊन जाते, म्हणून खरा त्रास दव पडते तेव्हा किंवा पहिल्या बारीक सरींच्या वेळी होतो. थर ओलसर झाला की त्याच्यावरून वीज खांबाकडे झिरपू लागते, चरचर आवाज येतो आणि रात्री निळसर ठिणग्या दिसतात. अशा वेळी खांबाला, ताण तारेला किंवा खांबाला बांधलेल्या कुंपणाला हात लावू नये आणि लगेच कळवावे. ॲल्युमिनियमच्या तारेच्या गाभ्यात पोलादाचा धागा असतो. खाऱ्या हवेने तो आतून गंजतो आणि बाहेरून चांगली दिसणारी तार एके दिवशी तुटते. किनाऱ्यावरच्या गावांनी या गोष्टीकडे घाटावरच्या गावांपेक्षा अधिक लक्ष द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. त्या अर्थिंगच्या पट्टीची नोंद त्यांनी तेथेच घेतली आणि मान्सूनपूर्व देखभालीत ती बदलली गेली.

प्रत्यक्ष वर्ग २६ आणि २७ एप्रिल रोजी, शनिवार-रविवारी, गावच्या मराठी शाळेत झाला. शिकवण्यासाठी सहाय्यक अभियंता, दोन अनुभवी जनमित्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आले होते. त्यांनी मानधन घेतले नाही. चहा, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण एवढाच खर्च आमच्याकडे होता.

पहिल्या दिवसाचा बराचसा भाग जमिनीतून पसरणाऱ्या विजेवर गेला. ११ केव्ही वाहिनीच्या एका तारेचा जमिनीच्या तुलनेत दाब सुमारे ६,३५० व्होल्ट असतो. तार जमिनीवर टेकते तेथे हा दाब सर्वाधिक असतो आणि जसजसे दूर जावे तसतसा तो उतरत जातो. त्यामुळे तारेच्या जवळ चालणाऱ्या माणसाच्या पुढच्या पायाखाली एक दाब आणि मागच्या पायाखाली दुसरा दाब असतो, आणि या फरकामुळे वीज एका पायाने चढून दुसऱ्या पायाने उतरते. याला ते स्टेप व्होल्टेज म्हणतात. पाऊल जितके लांब, तितका फरक मोठा. गुरांच्या पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये अंतर अधिक असते आणि वीज छातीतून जाते, म्हणून तारेला स्पर्श न होताही गुरे मरतात. सड्यावरची म्हैस कशी मेली असेल, हे त्या दिवशी मुलांना उमगले.

‘तार पडली तर उपकेंद्रातला ब्रेकर आपोआप पडतो ना?’ असा प्रश्न एका मुलाने विचारला, आणि त्याचे उत्तर मला या संपूर्ण प्रशिक्षणातील सर्वांत महत्त्वाचे वाटले. ब्रेकर पडण्यासाठी जमिनीत पुरेसा मोठा प्रवाह जावा लागतो. आपला कोरडा कातळ, पुळणीची सुकी वाळू किंवा डांबरी रस्ता यांतून तेवढा प्रवाह जातोच असे नाही. अशा वेळी उपकेंद्राला ही वाहिनी नेहमीच्या भारावर चालल्यासारखी वाटते आणि तार जमिनीवर पडूनही जिवंत राहते. तिच्यातून ठिणगी किंवा आवाज येतोच असे नाही, गवतही जळतेच असे नाही. याच्या उलट, ब्रेकर पडला तरी अनेक ठिकाणी तो काही सेकंदांत स्वतःहून पुन्हा लागतो, कारण फांदी घासून गेल्यासारखे दोष बहुधा तात्पुरते असतात. दोष नाहीसा झाला असे समजून यंत्रचालकही वाहिनी पुन्हा चालू करून पाहू शकतो. म्हणून ‘गावातले दिवे गेले, आता तार बंद झाली’ हा हिशेब अजिबात धरायचा नाही.

दुपारी शाळेच्या मैदानावर एक जुनी तार टाकून तिच्याभोवती फक्कीने १० मीटरचे वर्तुळ आखले. आमच्याकडचे खांब आठ ते नऊ मीटरचे असतात. त्यामुळे एक खांब आडवा पडला तर जितकी जागा घेईल, त्याहून थोडे अधिक अंतर, असे मुलांनी डोळ्यांत बसवून घेतले. जमीन ओली असेल, पाणी साचले असेल किंवा वाहिनी अधिक दाबाची असेल तर याहून लांब राहायचे. तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या खांबांपर्यंतचा पट्टाही रिकामा करायचा, कारण ताण गेल्यामुळे शेजारचा खांब कधीही खाली येऊ शकतो. आपण आधीच वर्तुळात असल्याचे लक्षात आले, तर धावत सुटायचे नाही. दोन्ही पाय जुळवून, तळवे जमिनीवरून न उचलता, टाच आणि चवडा एकमेकांना लागून राहतील असे सरकत बाहेर पडायचे. हे ऐकायला सोपे वाटते. फक्कीच्या वर्तुळातून बाहेर येताना मात्र चौथ्या-पाचव्या वेळी सरकतानाच मुलांची पावले आपोआप मोठी होऊ लागली. म्हणून हा सराव पुन्हा पुन्हा घेतला.

त्यानंतर वाहनाचा प्रसंग केला. चिरेखाणीचे डंपर मागचा हौदा उचलतात तेव्हा तो वरच्या तारेला लागण्याचा धोका आमच्या भागात नेहमीचा आहे, आणि जेसीबीचेही तसेच. तार वाहनावर पडली किंवा वाहन तारेला लागले, तर आतील माणसाने आतच बसून राहायचे आणि आपण लांबून ओरडून त्याला तेच सांगत राहायचे. वाहन पेटले तरच बाहेर पडायचे, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून, म्हणजे शरीराचा एक भाग वाहनाला आणि दुसरा जमिनीला एकाच वेळी लागणार नाही. उडी मारल्यावर पाय जोडूनच सरकत दूर जायचे. एका काकांनी विचारले, ‘साहेब, आतला माणूस बेशुद्ध असेल तर?’ साहेब थोडे थांबले आणि म्हणाले, ‘तरीही लाईन क्लिअर, म्हणजे वाहिनी बंद असल्याची खात्री, मिळेपर्यंत पुढे जायचे नाही. तुम्ही गेलात तर मला दोन माणसे काढावी लागतील.’

आगीबद्दल जे सांगितले तेही किनाऱ्यावरच्या माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डीपीमध्ये तेल असते आणि ते पेटले की लोक हंडे घेऊन धावतात. वीजपुरवठा चालू असताना पाणी मारायचे नाही, आणि समुद्राचे खारे पाणी तर विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक वीजवाहक असते. साध्या फेसाच्या उपकरणातही पाणीच असते. पुरवठा बंद झाल्याचे कळेपर्यंत आजूबाजूचे गवत, झाप आणि लाकूड बाजूला करून आग पसरू न देणे एवढेच आपले काम. वणव्याचा मुद्दाही निघाला. फेब्रुवारीपासून आमच्याकडे काजू-आंब्याच्या बागांना वणवे लागतात आणि मुले ओल्या फांद्या घेऊन झोडपायला जातात. वाहिनीखाली दाट धूर आणि काजळी झाली की त्या धुरातून वीज जमिनीकडे झेप घेऊ शकते. म्हणून तारांखालची आग तारांपासून दूर आल्यावर विझवायची.

हातमोज्यांविषयी आमचा मोठा भ्रम त्या दिवशी दूर झाला. आम्ही खरेदीच्या यादीत रबरी हातमोजे आणि गमबूट सर्वांत वर लिहिले होते. जनमित्रांनी आपला हातमोजा काढला, मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडली आणि कानाजवळ धरून कुठून फुसफुसते का ते ऐकले. काम सुरू करण्यापूर्वी ते प्रत्येक वेळी असे करतात. या मोज्यांचे वर्ग असतात: शून्य वर्गाचा मोजा १,००० व्होल्टपर्यंत, दुसऱ्या वर्गाचा १७,००० व्होल्टपर्यंत, त्यांची ठरावीक काळाने प्रयोगशाळेत चाचणी करावी लागते आणि सुईएवढे छिद्रही त्यांना निकामी करते. दुकानात मिळणारे घरगुती मोजे, पावसाळी गमबूट, सुका बांबू, आंबे उतरवायचा झेला यांपैकी काहीही ११ केव्हीपुढे सुरक्षित नाही. घरातील २३० व्होल्टच्या अपघातात मेन स्विच बंद करणे हा पहिला उपाय, आणि तो शक्य नसेल तेव्हाच कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकच्या खुर्चीने माणसाला तारेपासून वेगळे करता येते. बाहेरच्या वाहिनीवर हा उपाय करायचाच नाही. यादीतून मोजे आणि गमबूट आम्ही खोडले.

दुसऱ्या दिवशीची सकाळ फोनवर कसे बोलावे यात गेली, आणि मला ती सर्वांत उपयोगी वाटली. कळवताना गाव, वाडी, फीडर, डीपीचे नाव, जवळच्या खांबाचा क्रमांक, काय पडले आहे आणि कोणी अडकले आहे का, या क्रमाने सांगायचे. पलीकडच्या व्यक्तीचे नाव आणि वेळ वहीत लिहायची. महावितरणचा १९१२ हा क्रमांक चोवीस तास चालतो. जखमींसाठी १०८, इतर तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. ‘लाईन पडली आहे’ (म्हणजे ब्रेकर आपोआप पडला आहे), ‘लाईन बंद केली आहे’ आणि ‘लाईन बंद करून दोन्ही बाजूंनी अर्थ केली आहे’ ही तीन वेगळी वाक्ये आहेत, आणि तिसरे वाक्य जागेवर आलेल्या कर्मचाऱ्याने समोर उभे राहून सांगितल्याशिवाय दोरीच्या आत पाऊल टाकायचे नाही. बंद केलेल्या तारेतही दुसरीकडून वीज येऊ शकते: एखाद्याच्या जनरेटरमधून उलट, किंवा शेजारून समांतर जाणाऱ्या वाहिनीच्या प्रभावाने. म्हणूनच कर्मचारी आधी एबी स्विच उघडतात, त्याला कुलूप लावतात, तार तपासतात आणि डिस्चार्ज रॉड लावून ती जमिनीशी जोडतात. ‘पाच वाजेपर्यंत बंद ठेवतो’ अशा घड्याळी बोलीवर कोणीही कामाला लागायचे नाही.

बांबूने डीओ फ्यूज (डीपीच्या वरचे, खाली पडणारे फ्यूज) पाडण्याची सवय आमच्याकडे काही वाड्यांमध्ये आहे. ती जिवावर बेतणारी आहे, आणि हे तेथील लोकांना समजावणे हेही पथकाचेच काम आहे, असे साहेबांनी स्पष्ट सांगितले.

पुराचा विषय आम्हीच काढला, कारण २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात मदतीला गेलेली दोन मुले पथकात आहेत. पाणी चढते तेव्हा तार होती तेथेच राहते आणि होडी मात्र वर येते. त्यामुळे एरवी डोक्यावरून उंच जाणारी तार उभ्या माणसाच्या हाताला लागेल इतकी जवळ येऊ शकते. होडीत वल्हे किंवा बांबू उभा धरायचा नाही. मीटरपर्यंत पाणी चढलेल्या घरात, डीपीवरून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत शिरायचे नाही.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दुपारी छातीदाबाचा सराव घेतला: मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. विजेच्या धक्क्याने हृदयाची लय बिघडते, म्हणून पुरवठा सुटल्याची खात्री झाल्यावर एक मिनिटही दवडायचे नाही. शॉक लागलेला माणूस उठून चालू लागला तरी त्याला रुग्णालयात न्यायचे, कारण त्वचेवर वाटाण्याएवढा डाग असला तरी आतले स्नायू भाजलेले असू शकतात.

साहित्याची खरेदी मे महिन्याच्या सुरुवातीला झाली. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून खर्च करायचा असल्याने तीन दरपत्रके मागवावी लागली आणि त्यात पंधरवडा गेला. परावर्तक जाकिटे, पट्टेदार फीत, रस्त्यावर ठेवायचे शंकू, डोक्याला बांधायचे विजेरी दिवे, शिट्ट्या, एक भोंगा आणि सहा किलोचे कोरड्या भुकटीचे अग्निशामक असे सर्व मिळून सुमारे एकोणीस हजार रुपये लागले. जेवणखाणाचे साडेचार हजार वेगळे. दरपत्रके प्रशिक्षणाची तारीख ठरताच मागवली असती तर सर्व साहित्य सरावालाच हाती आले असते.

२०२५ मध्ये पाऊस फार लवकर आला. २५ मे रोजी मान्सून कोकणात दाखल झाला आणि त्याच संध्याकाळी वरच्या वाडीत एक माड ११ केव्ही वाहिनीवर कोसळला. तार पाखाडीच्या कडेला पडली आणि तिचे दुसरे टोक एका बागेच्या काटेरी तारेच्या कुंपणावर गेले. कुंपण शंभरेक मीटर लांब आहे, त्यामुळे धोका माडाजवळच राहिला नाही. कुंपणाच्या दुसऱ्या टोकालाही माणसे उभी करावी लागली. फोन करताना डीपीचे नाव आणि खांब क्रमांक वहीतून वाचून दाखवला. एका निवास-न्याहारीच्या घरी जनरेटर आहे ही नोंद वहीत होती, म्हणून दोघांना तेथे पाठवून तो बंद ठेवायला सांगितले.

कठीण भाग होता माणसांना थोपवण्याचा. पलीकडच्या गोठ्यात गुरे बांधलेली होती आणि एक वहिनी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘अरे, गुरं सकाळपासून उपाशी आहेत, मला तेवढं जाऊ द्या. लाईट तर कधीच गेली.’ मुले फीत धरून उभी राहिली. त्यांनी उद्धट उत्तर दिले नाही आणि वाटही दिली नाही. थोड्याच वेळात गावातले दिवे क्षणभर लागले आणि गेले. त्याच क्षणी कुंपणाच्या तारेवर, ओल्या पाल्यात, एक लखलखाट झाला आणि जळकट वास आला. त्यानंतर पुढे जाण्याचा आग्रह कोणी धरला नाही. वहिनी मागे वळून गडग्यावर बसल्या आणि त्यांच्याजवळ मी बसले. आमच्या दोघींचेही हात थरथरत होते.

कर्मचारी यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला, कारण त्या रात्री तालुक्यात बऱ्याच ठिकाणी झाडे पडली होती. आल्यावर त्यांनी एबी स्विच उघडून कुलूप लावले, तार तपासली, डिस्चार्ज रॉड अडकवले आणि आमच्या पथकप्रमुखाकडे येऊन ते तिसरे वाक्य जसेच्या तसे उच्चारले. मग मुलांनी माड तोडला आणि वहिनी गुरांकडे गेल्या. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

त्या रात्री नोंदवहीतील दोन चुका लक्षात आल्या: एका डीपीचा क्रमांक रंगवताना बदलला होता आणि एका नव्या घरावरची सौरयंत्रणा नोंदायची राहिली होती. आता दर वर्षी मार्चमध्ये जनमित्रांबरोबर फेरी मारून वही दुरुस्त करायचे ठरले आहे. तिची एक प्रत शाखा कार्यालयात, एक उपकेंद्रातील यंत्रचालकाकडे आणि एक पोलीस पाटलांकडे दिली आहे.

ज्या गावांना हे करायचे आहे त्यांनी ग्रामसभेचा ठराव शक्यतो २ ऑक्टोबरच्या सभेत घ्यावा आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच द्यावा. जानेवारीत सुरुवात केली की मार्चअखेरची वसुली आणि त्यानंतरची मान्सूनपूर्व कामे यांमध्ये अधिकाऱ्यांना वेळ काढणे अवघड जाते, आणि वणव्याचा हंगामही तोवर निघून जातो. वर्गाला महिला बचत गटांतील दोघी-तिघींना आवर्जून बसवावे, कारण दिवसा वाडीत घरी असतात त्या त्याच. आमच्या दुसऱ्या तुकडीत त्यांची नावे घेतली आहेत आणि तिचा अर्ज या वेळी योग्य विषय लिहूनच दिला आहे. पोचही घेतली आहे.